राणी बसली की चार्जिंग बंद

१

सोमवारी सकाळी वरच्या शेरीच्या पाणी संस्थेचा लॅपटॉप तिसऱ्यांदा मेला, आणि त्याला मारलं कुणी हे गावानं जेवणाआधी ठरवूनसुद्धा टाकलं. गावाला असल्या कामात कधी वेळ लागत नाही. राणीनं मारला. राणी म्हणजे संस्थेची ऑपरेटर. वडूजकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली पहिली शिकलेली पोर, फेब्रुवारीत कामाला लागलेली. परकी, वयानं लहान, आणि वर तोंडानं फटकळ. एवढं जुळून आल्यावर पुरावा कोण मागत बसतो?

चार दिवस वाट बघून शुक्रवारी दुपारी संस्थेचे चेअरमन आप्पासो तो लॅपटॉप आणि त्याचा अडॅप्टर पिशवीत घालून कडेगावला संयोगिताच्या दुकानात आले. संयोगिता लॅपटॉप दुरुस्त करते. नवरा फौजेत नायक. त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये सहा वर्षं काढली, तेव्हा तिथंच हे काम शिकली. बाईमाणूस काय दुरुस्त करणार म्हणून नाक मुरडणारे आता तिच्या बाकड्यावर गुमान बसून असतात.

तिनं अडॅप्टर दुकानातल्या बोर्डाला लावला. त्याच्यावरचा हिरवा दिवा लागला, लॅपटॉपवर चार्जिंगची खूण आली. मागच्या दोन्ही वेळेला हेच झालं होतं. इथं ठणठणीत, तिथं मढं.

"ह्याला काय झालेलं न्हाई, चेअरमन."

"मग तसंच लिहून दे," आप्पासो म्हणाले. "वस्तू चांगली हाय, चालवणारी मुद्दाम बंद पाडती, असं. उद्या चारला सभासदांची मीटिंग हाय. तुझा कागद आला की त्या पोरीला घालवायची आणि पोलिसात अर्ज द्यायचा."

ती मुद्दामच बंद पाडते हे कशावरून, असं संयोगितानं विचारलं. आप्पासोंनी बोटं मोजत सांगितलं. राणी आजवर तीनदा सुट्टीवर गेली. तिन्ही वेळा तिच्या जागी शिपाईबाईची, रंगुबाईची, सून साक्षी बसली. साक्षी बसली की दिवसभर चार्जिंग. राणी परत आली की एका दिवसात बंद. अडॅप्टर तोच, लॅपटॉप तोच, टेबलसुद्धा तेच.

"पायगुण म्हण न्हाईतर पाप म्हण. पर बंद पडतं ती बसल्यावरच."

संयोगिताचं डोकं सणकलं. अडॅप्टर म्हणजे काय गोठ्यातली म्हैस आहे, माणूस बघून पान्हा चोरायला? पण तीनपैकी तीन वेळा हा योगायोगही नव्हे, हे तिलाही कळत होतं. सॉकेट बघितल्याबिगर सही करणार नाही, उद्या स्वतः येते, असं तिनं सांगितलं.

"सॉकेटचं काय बघायचं?" आप्पासो एकदम उठले. "लाईट हाय की तिथं. आमच्या शिवतेजनं बघितलंय. वायरमन हाय तो." आणि लॅपटॉप न घेताच ते जिन्यावरून खाली उतरले. ज्या लॅपटॉपपायी एवढा तमाशा, तोच विसरून गेले.

२

शनिवारी अकराला संयोगिता वरच्या शेरीत पोचली तेव्हा संस्थेच्या ओसरीवर चार जण बसले होते, आणि एकानंही जागा करून दिली नाही. एकाच्या कपाळाला पट्टी होती. पाण्याची नवी पाळी सुरू होऊन पाच दिवस झाले, तरी कुणाला कधी पाणी मिळणार त्याचा तक्ता निघालेला नव्हता. हातानं लिहिलेला तक्ता इथं कुणी मानत नाही, कारण मागच्या साली त्यात खाडाखोड झाली होती. म्हणून तर लॅपटॉप आणला. आता तक्ता लॅपटॉपात, लॅपटॉप बंद, प्रिंटरही बंद, एप्रिलचं ऊन, आणि ऊस करपायला लागल्यावर माणसं चारीवर एकमेकांची डोकी फोडत होती.

आत राणी रिकाम्या टेबलाशी ताठ बसली होती. संयोगितानं नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "माझ्यावर सही करायला आलाय न्हवं? करा आन जावा."

"सही करायची असती तर काल दुकानात केली असती. एवढ्या उन्हात कशाला मरायला येऊ?"

तरीही पोरगी सैल पडेना. तिनं जे सांगितलं ते दात चावून सांगितलं. सुरुवातीला, फेब्रुवारीत, सगळं नीट चालायचं. मार्चच्या मध्यापासून अडॅप्टरचा दिवा लागून विझायला लागला, लागायचा, विझायचा. आता तर लागतच नाही. पंखा म्हाताऱ्यासारखा फिरतो. तिनं चेअरमनना दोनदा सांगितलं, त्यांनी शिवतेजला बोलावलं, शिवतेजनं तिच्या मोबाईलचा चार्जर त्याच सॉकेटात लावून दाखवला. मोबाईल चार्ज होत होता. ट्यूब लागत होती. मग लाईट नाही असं कसं म्हणतेस, म्हणून सगळे हसले.

"ही नोकरी गेली तर गावाकडं माझं शिक्षान बंद पाडाया निघाल्याली माणसं बरूबर ठरत्याली," राणी म्हणाली. "आन पोलिसात नाव गेलं की दुसरी नोकरी कोन दील? तेवढंच हाय माझं. बाकी काय न्हाई."

संयोगितानं पिशवीतून होल्डरला लावलेला जुना शंभराचा पिवळा बल्ब काढला. अडॅप्टर त्या सॉकेटात घातला, दिवा नाही. तो काढून बल्बाची पिन घातली. शंभराचा बल्ब लख्ख पेटायला पाहिजे. त्याची तार नुसती तांबूस झाली, विझत आलेल्या विडीएवढी, आणि डोक्यावरची ट्यूब मिचकावली.

म्हणजे लाईट होती, पण लाईटीला जोर नव्हता. मोबाईल आणि ट्यूब थोडक्यात भागवतात, त्यांचं चालून जातं. लॅपटॉपच्या अडॅप्टरला पोटभर लागतं. शिवतेजनं मोबाईलचा चार्जर लावून दाखवला, तो हे न कळून की चांगलं कळून? वायरमनला हे कळत नसेल तर त्यानं मेंढरं राखावीत, असं संयोगिताच्या मनात आलं, आणि समोर कोण बसलंय हे ध्यानात येऊन तिनं ते गिळलं.

पण मग साक्षी बसली की जोर कुठून येतो?

३

रंगुबाई मागच्या दाराशी पायरीवर बसली होती. बारा वर्षं संस्थेत झाडलोट करणारी बाई, अनवाणी, तोंडात तंबाखू. ऑपरेटरच्या जागेसाठी तिच्या साक्षीनंही परीक्षा दिली होती आणि राणीच्या मागं दुसरी आली होती. हे रंगुबाईनं स्वतःच सांगितलं, पहिल्याच वाक्यात, जसं काही संयोगितानंच पेपर तपासले होते.

"त्या भवानीसाठी आलीस व्हय गं?"

"लॅपटॉपसाठी आले, मावशी."

संयोगितानं तिला भांडणाचं काही विचारलं नाही. साक्षी कामाला येते त्या दिवशी तुम्ही काय काय करता, सकाळपासून सांगा, एवढंच विचारलं. रंगुबाईला हा प्रश्न अपमानाचा वाटला, पण सुनेचं कौतुक सांगायची संधीही होती. झाडून काढते. टेबल पुसते. मग माठ रिकामा करून ताजं पाणी भरते, सुनेनं काय शिळं पाणी प्यावं?

"आणि राणी असते त्या दिवशी?"

"ती पगाराची हाय. तिला हात न्हाईत? माठाला मी शिवत सुदिक न्हाई." राणी घरून बाटली आणते, माठाकडं तीही बघत नाही. दोघींच्या इर्षेत माठ आठवडा आठवडा तसाच पडून राहायचा.

माठातलं शिळं पाणी कुठं ओतता, असं संयोगितानं विचारलं. रंगुबाईनं कोपऱ्याकडं मान उडवली. ऑफिसच्या भिंतीला लागून एक जास्वंद होती, तिनंच लावलेली. पानं खाली मान घालून लोंबत होती, बुडाशी माती भेगाळली होती.

"हल्ली तिथं जायाला नको वाटतं बग. पानी वतलं की पायाला मुंग्या येत्यात. मागच्या खेपंला तर गुडघ्यापातूर झिणझिणलं. ती जागाच कडक झाली, ती पोरगी आल्यापासनं. देवरुषाला इचारनार हाय मी."

संयोगिता जास्वंदीकडं निघालीच होती, ती जागच्या जागी थांबली. मग तिनं एक केलं. रंगुबाईचा दंड धरून तिला पायरीवर आणखी वर ओढली.

"मावशी, आजपास्नं त्या मातीत पाय टाकायचा न्हाई. सुनेसाठी न्हाई, देवासाठी बी न्हाई."

"का गं?"

"चार वाजता सांगते."

रंगुबाई तिच्याकडं तोंड उघडं टाकून बघत राहिली. असल्या दमात तिच्याशी चेअरमनसुद्धा बोलत नसत.

४

संयोगिता पायात रबरी चप्पल घालून ऑफिसला वळसा घेत फिरली. पन्हाळीखालून एक काळी वायर बाहेर आली होती आणि लिंबाच्या झाडावरून रस्त्याकडेच्या मीटरच्या खोलीकडं गेली होती. एकच वायर. लाईट कधी एका वायरीवर चालत नाही. एका वायरीनं ती येते आणि दुसरीनं परत जाते. मग इथली लाईट परत जाते कुठून?

दुसरं टोक तिला जास्वंदीच्या बुडाशी दिसलं. पानांच्या आड, भिंतीला चिकटून एक लोखंडी सळई जमिनीत ठोकली होती आणि तिला वायर पिळून बांधली होती. दुसरी वायर टाकायच्या ऐवजी कुणीतरी जमिनीलाच वायर समजून काम भागवलं होतं. फेब्रुवारीत जमिनीत ओल होती तोवर भागलं. उन्हाळा लागला, माती वाळली, आणि वाळल्या मातीतून लाईट जाईना. माठभर पाणी पडलं की तेवढा दिवस जायची. ज्या दिवशी सासू सुनेसाठी माठ भरी, त्या दिवशी लॅपटॉप जिवंत. राणीचा पाय नव्हे, रंगुबाईचा माठ.

जुगाड कळलं. ते केलं कशासाठी, हे कळत नव्हतं. मीटरच्या खोलीत जमिनीतून वर आलेला एक जुना पाइप होता आणि त्याच्या तोंडाशी दोन वायरींची कापलेली टोकं. म्हणजे पूर्वी दोन्ही वायरी जमिनीखालून जात होत्या. पाइपाच्या तोंडाशी उभं राहून तिनं ऑफिसच्या भिंतीकडं सरळ नजर टाकली. नजरेच्या रेघेत ऊस होता. गुडघ्याएवढा, हिरवागार, फेब्रुवारीच्या लागणीचा. ऊस आप्पासोंचा, हे विचारायचीही गरज नव्हती; पाळीचा तक्ता नसताना गावात हिरवा ऊस दुसऱ्या कुणाचा असणार?

संस्थेच्या जागेतून गेलेला पाइप आप्पासोंच्या उसाखाली कसा? ती पहिल्या दोन सऱ्यांत वाकून पाला बाजूला सारत राहिली. हाताला पाइपाचा वीतभर तुकडा लागला, नांगराच्या फाळानं उभा चिरलेला.

"काय धुंडताय?"

मागं शिवतेज उभा होता. चेअरमनचा पुतण्या, खिशात टेस्टर, डोळ्यांत राग. परक्या बायांनी दुसऱ्याच्या रानात शिरू नये, हातपाय मोडतात, असं तो म्हणाला. संयोगितानं पाइपाचा तुकडा पदराआड केला आणि जास्वंदीकडं नुसतं बोट दाखवलं.

"ते तात्पुरतं हाय," शिवतेज म्हणाला.

"मी अजून काय इचारलंच न्हवतं, दादा."

तो गाडीला किक मारून चुलत्याच्या घराकडं गेला, आणि चार वाजायला अजून दोन तास होते.

५

चारला ओसरीवर चाळीसेक सभासद जमले. आप्पासो खुर्चीत बसून होते, समोर राणीसाठी तयार केलेला कागद. त्यात कबुली होती: मी संस्थेचा लॅपटॉप हेतुपुरस्सर बंद पाडला. खाली सहीची जागा. पुतण्यानं सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण चेअरमननी वेळच घालवला नाही. दुकानवालीच म्हणते लॅपटॉप चांगला आहे, म्हणजे दोष कुणाचा ते उघड आहे, सही घ्या आणि विषय संपवा, असं त्यांनी जाहीर केलं.

राणीनं पेन उचललं नाही. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

"लॅपटॉप चांगला हाय," संयोगिता पुढं येऊन म्हणाली. "अडॅप्टर बी चांगला हाय. आत्ता लावलाय, बघा, दिवा न्हाई. बॅटरीत सहा टक्के उरल्यात. राणी टेबलाशी बसलीय, ती उठणार न्हाई, कशाला हात लावणार न्हाई. बाहेर जास्वंदीला बादलीभर पाणी घाला. दिवा लागतो का न्हाई बघू."

लोक हसले. कपाळाला पट्टीवाला म्हणाला, आता झाडाला पाणी घालून लॅपटॉप चालवायचा, मग उसाला घालून ट्रॅक्टर चालवू.

"मी घालती," म्हणून रंगुबाई बादली घेऊन उठली. तिला राणीची फजिती जवळून बघायची होती.

"तुमी न्हाई, मावशी. चेअरमन घालतील. तुमी घालता तसंच, जवळ उभं राहून, अनवाणी."

आप्पासो म्हणाले, हा काय पोरखेळ. ते म्हणाले, चेअरमननं झाडाला पाणी घालायचं का. पण चाळीस माणसं पाच दिवस पाण्यावाचून तापलेली होती आणि त्यांना गंमत पाहिजे होती. घाला की, पाण्यानं काय हात झिजत्यात व्हय, असं मागून कुणी बोललं. शेवटी त्यांनी रंगुबाईच्या हातातून बादली हिसकावली, पायरीपर्यंत गेले आणि थांबले. चप्पल काढली नाही. खाली उतरले नाहीत. पायरीवरूनच त्यांनी बादली लांबून भिरकावली. पाणी जास्वंदीच्या बुडाशी पडलं, भेगांनी ते घटाघटा पिऊन टाकलं.

आत टेबलावर हिरवा दिवा लागला. पंखा वेगानं फिरायला लागला.

"आता सांगा, चेअरमन," संयोगिता म्हणाली. "रंगुमावशी बारा वर्षं जिथं उभी राहती, तिथं तुमी पाय का टाकला न्हाई?"

आप्पासोंनी रिकामी बादली पायरीवर आपटली.

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. सळई, एक वायर, वाळलेली माती, माठ. आणि पदराआडचा पाइपाचा तुकडा टेबलावर ठेवला. "हा संस्थेच्या जागेतनं जाणारा पाइप. उसाच्या दुसऱ्या सरीत घावला. फाळानं चिरलाय. नांगर संस्थेच्या जागेत शिरल्याबिगर तो चिरत न्हाई. बांध कोरताना वायर तुटली. दुरुस्त करायची तर खणावं लागणार, खणलं की बांध किती सरकला ते दिसणार. म्हणून एक वायर वरनं टाकली आणि दुसरीचं काम त्या मातीवर सोडलं. आणि बोभाटा झाला तवा परकी पोरगी सापडलीच होती."

शिवतेज खाली मान घालून उभा होता. "दोन वायरी वरनं टाकूया म्हनलं होतं मी," तो हळू म्हणाला. "आप्पा म्हनले, घरात हाय तेवढी एक टाक, सोमवारच्या आत झालं पायजे, बाकी नंतर बघू."

"आणि मावशीच्या पायाला मुंग्या येतात, हे ठावं होतं?"

"मी आप्पांना सांगितलं होतं."

रंगुबाई आपल्या पायांकडं बघत होती. तळव्यांना भेगा, नखांत माती. देवरुषासाठी नारळसुद्धा आणून ठेवला होता तिनं.

६

संयोगितानं मीटरच्या खोलीतला मेन स्विच बंद केला. शिवतेजनं कुणी न सांगता गाडीवरून वायरीचं वेटोळं आणलं, सर्वांच्या डोळ्यांसमोर दुसरी वायर लिंबावरून ओढली आणि जास्वंदीजवळची सळई उपटून काढली. अर्धा तास लागला. जे काम अर्ध्या तासाचं, त्याच्यापायी एक पोरगी पोलिसात जाणार होती आणि एक म्हातारी कुठल्या तरी सकाळी बादलीसकट आडवी झाली असती. मेन चालू केल्यावर हिरवा दिवा लागला तो लागलाच. पाळीचा तक्ता प्रिंटरातून छापून निघाला आणि लोकांनी राणीच्या हातातून तो अक्षरशः ओढून घेतला. आभार कुणी मानले नाहीत. तासापूर्वी तिच्या सहीची वाट बघणारी हीच माणसं होती.

चेअरमनच्या पुढ्यातला कबुलीचा कागद राणीनं उचलला, चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवला. फाडला नाही. तो असू दे माझ्याजवळ, एवढंच ती म्हणाली.

मग मीटिंग सुरू होती तर ठराव व्हायला पाहिजे, असं तिनंच सांगितलं. तिनं लॅपटॉप पुढं ओढला आणि वाचत वाचत टाईप केलं: संस्थेच्या जागेची सरकारी मोजणी करून हद्द कायम करावी. टाईप करून तिनं मान वर केली.

"सूचक कोन?"

चाळीस माणसांनी चाळीस दिशांना बघितलं. आप्पासो खुर्चीतच होते, आणि चेअरमनच्या बांधाविरुद्ध आपलं नाव कागदावर कोण घालणार? पाणी तर उद्याही त्यांच्याच हातात होतं. पट्टीवाला तक्ता खिशात घालून उठायला लागला. संयोगिता सभासद नव्हती. तिला सूचक होता येत नव्हतं.

"सूचक कोन?" राणीनं पुन्हा विचारलं.

"माजं लिव."

रंगुबाई होती. नवऱ्यामागं त्याचा अर्धा एकर तिच्या नावावर होता, म्हणजे तीही सभासद होती. हे बारा वर्षांत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती टेबलापर्यंत आली. राणीनं तिच्याकडं बघितलं, आणि दोघींच्या नजरेत गोडवा म्हणून औषधालासुद्धा नव्हता.

"तुज्यासाठी न्हाई, समजलं?" रंगुबाई म्हणाली. "माज्या सुनेची जागा तू खाल्लीस ती खाल्लीसच. माज्या पायांसाठी लिवतीया मी."

"पूर्ण नाव सांगा," राणी म्हणाली.

"रंगुबाई अर्जुना सूर्यवंशी."

राणीनं ते एकेक अक्षर सावकाश टाईप केलं आणि नाव बरोबर आहे का बघायला लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. रंगुबाईला वाचता येत नव्हतं. तरी ती बराच वेळ त्या ओळीकडं बघत उभी राहिली, आणि मग म्हणाली, बरूबर हाय.

अनुमोदक म्हणून शिवतेजनं हात वर केला. आप्पासो उठून गेले. बाहेर जास्वंद अजून तशीच मान टाकून उभी होती. रंगुबाईनं कोपऱ्यातला माठ उचलला, पायरीवर क्षणभर थांबली, आणि राणीकडं न बघताच खेकसली, "मेन बंद हाय का गं?"

"आता बंद असायची गरज न्हाई, मावशी," राणी म्हणाली. "जावा तुमी."

रंगुबाई त्या मातीत उतरली आणि तिनं पाणी घातलं.